शतावरीचा सातबारा कुठे आहे?

जमीन आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी लिहून येतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. खताची मात्रा ठरवायला ही पत्रिका खरोखर उपयोगाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांपैकी एकाचेही नाव तिच्यावर नसते. सोयाबीन पेरणाऱ्याला जी पत्रिका मिळते तीच शतावरी, अश्वगंधा किंवा सफेद मुसळी लावणाऱ्याला मिळते. औषधी वनस्पती लावण्याआधी जमिनीतले जड धातू तपासलेच पाहिजेत, अशी सक्ती आपल्याकडे कुणावरच नाही.

औषधाच्या बाटलीपर्यंत पोचलेल्या जड धातूंवर आपण पुष्कळ वाद घालतो. ते ज्या मातीतून आले तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मला हे चुकीचे वाटते. औषधी पिकाची तपासणी लागवडीच्या आधी, शेतातच सुरू व्हायला हवी आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जाता कामा नये. तो त्या मालावर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी आणि लागवडीला अनुदान देणाऱ्या सरकारने उचलावा.

जड धातूंचा विषय निघाला की चर्चा लगेच भस्मांकडे वळते. नागभस्मात शिसे असणारच, पारदाच्या कल्पात (औषधात) पारा असणारच, मग ते शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचे भस्म करणे, नीट झाले होते का, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. तो वाद आपल्या जागी महत्त्वाचा आहे. पण अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००८ साली आलेल्या एका अभ्यासाकडे नीट पाहा. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी २०.७ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. धातू घालून केलेल्या रसौषधींमध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, हे बहुतेकांच्या लक्षात राहिले. ज्यांत धातू घातलेलाच नाही अशा उरलेल्या उत्पादनांमध्येही ते १७ टक्के होते, हे मात्र विसरले गेले. शिवाय अमेरिकेत बनलेला माल भारतात बनलेल्या मालापेक्षा स्वच्छ निघाला नाही. म्हणजे हा प्रश्न एखाद्या देशाच्या कारखान्यापुरता नाही. ज्या औषधात कुणी धातू टाकला नाही त्यात तो आला कुठून? दळणाच्या यंत्रातून येऊ शकतो, भेसळीतून येऊ शकतो, डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मालावर बसलेल्या धुळीतून येऊ शकतो. आणि मातीतून, पाण्यातून तर येतोच.

मातीतून तो कसा येतो हे थोडे तपशिलात पाहायला हवे, कारण सगळी माती सारखी नसते आणि सगळे धातूही सारखे वागत नाहीत. शिसे मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. झाडाने ते शोषले तरी त्याचा बराचसा भाग मुळातच अडकतो, पानापर्यंत फारसा चढत नाही. कॅडमियमचे तसे नाही. ते रासायनिकदृष्ट्या जस्ताचे भावंड, त्यामुळे जस्त आत घेण्याच्या वाटेनेच झाड तेही आत घेते आणि ते सहज पानात जाऊन साठते. म्हणून मूळ औषधात वापरायचे असेल तर आधी शिशाची काळजी करायची आणि पान वापरायचे असेल तर कॅडमियमची. जमिनीचा सामूही मोठा फरक पाडतो. विदर्भ-मराठवाड्यातली काळी, चुनखडीयुक्त, चिकणमातीची जमीन हे धातू बऱ्यापैकी बांधून ठेवते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तेवढेच कॅडमियम असले तरी ते झाडाला जास्त सहज मिळते. एकच आकडा दापोलीत आणि दर्यापुरात वेगवेगळा अर्थ सांगतो. म्हणूनच या कामात दिल्लीहून आलेला एकच कोष्टक-तक्ता पुरणार नाही, आपल्या कृषी विद्यापीठांना आपल्या विभागापुरते निकष बसवावे लागतील.

धातू मातीत येतात त्या वाटाही वेगवेगळ्या आहेत. स्फुरदयुक्त खतांसाठी लागणाऱ्या खडकात निसर्गतःच कॅडमियम असते. खडक कुठल्या खाणीतला आहे यावर त्याचे प्रमाण ठरते आणि आपण तो खडक बहुतांश आयात करतो. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून अशा खतात एक किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम अशी कमाल मर्यादा घातली, ती उगाच नाही. द्राक्षबागांमध्ये वर्षानुवर्षे मारलेल्या बोर्डो मिश्रणाचे तांबे जमिनीत साठते. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये शिसे किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, तसा नियमच आहे. असे कंपोस्ट एकदा टाकल्याने काही बिघडत नाही, पण त्याच शेतात दरवर्षी टाकत गेले की हिशोब बदलतो. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २००० साली बंद झाले, पण जुन्या महामार्गांच्या कडेच्या वरच्या थरात बसलेले शिसे कुठे जाणार? ते कुजत नाही, वाहून जायलाही फार वेळ लागतो. आणि सांडपाण्यावरची शेती तर आपल्या मोठ्या शहरांच्या खालच्या अंगाला सर्रास आहे. नागपूरच्या खाली नाग नदीवर ती आहे. पुण्याच्या खाली मुळा-मुठेच्या काठावर आहे, मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडलेल्या पाण्यावरही आहे.

आता या पाण्याकाठी काय उगवते ते पाहा. एखाद्या नाल्याच्या कडेला उभे राहिलात तर ओलसर चिखलात पांढऱ्या बारीक फुलांचा माका हमखास दिसेल. पान चुरगाळले की बोटांवर काळपट डाग पडतो, लगेच ओळखू येतो. त्याच्या शेजारी जमिनीला धरून पसरलेली जाडसर पानांची नीरब्राह्मी असते, थोडे वर कोरड्यात पुनर्नवा. माका केसांच्या तेलात जातो आणि काविळीवरच्या गावठी औषधातही. ब्राह्मी तर स्मरणशक्तीसाठी मुलांना दिली जाते. गोळा करणाऱ्या बाईला किलोवर पैसे मिळतात. ती तिथून घेणार जिथे माल दाट उगवला आहे आणि दाट उगवतो तो नाल्याच्या कडेला, कारण तिथे बारमाही ओल आणि मैल्याचे खत आहे. तिला दोष देण्यात काहीही अर्थ नाही. पण नीरब्राह्मी ही कॅडमियम, शिसे, क्रोमियम भराभर शोषून घेणारी वनस्पती म्हणून संशोधकांना चांगली ठाऊक आहे. दूषित पाणी स्वच्छ करायला ती वापरता येईल का, यावर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत प्रयोग झाले आहेत. वाळ्याचेही तेच. दूषित जमीन आणि खाणींचे ढिगारे सावरायला जगभर वाळा लावतात, कारण तो धातू सोसतो आणि मुळात साठवून ठेवतो. आपण उन्हाळ्यात माठात टाकतो ती त्याच वनस्पतीची मुळे. गटाराचे पाणी गाळायला लावलेले आणि औषधाला लावलेले झाड एकाच जातीचे असेल, तर कोणते कुठे उगवले हे कळायलाच हवे ना?

ते कळत नाही. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि शतावरीच्या पोत्यावर हात ठेवून विचारा, ही कुठली? दुकानदार सचोटीचा असेल तर सांगेल, "मध्य प्रदेशचा माल आहे, नवा आहे." त्याला याहून जास्त माहीतच नसते. शेतकऱ्याकडून गावच्या व्यापाऱ्याकडे, तिथून नीमचसारख्या मोठ्या मंडईत, मंडईतून आडत्याकडे आणि आडत्याकडून कारखान्याच्या गोदामात, असा मालाचा प्रवास होतो. पहिल्याच टप्प्यावर दहा शेतांची मुळे एका ढिगात पडतात. स्वच्छ शेताची शतावरी आणि बॅटरी फोडणाऱ्या शेडजवळच्या शेताची शतावरी एकदा एका पोत्यात गेली की ती वेगळी करण्याचा मार्ग उरत नाही. मग कारखान्याने नमुना घेतला, शिसे मर्यादेच्या वर निघाले आणि माल परत पाठवला, असे धरून चालू. तो परत कुणाकडे जातो? शेतकऱ्याकडे तर नाहीच, कारण तो कोण हे कुणालाच ठाऊक नसते. तो बाजारात राहतो. ज्या गिऱ्हाइकाकडे चाचणी होत नाही, त्याच्याकडे तो जाऊ नये याची काहीही व्यवस्था नाही.

वनस्पतिजन्य आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधे निर्यात करायची तर जड धातूंची चाचणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची आहे. शिसे किलोला १० मिलिग्रॅम, कॅडमियम ०.३, आर्सेनिक ३ आणि पारा १, या त्या मर्यादा. त्या आयुर्वेदिक औषधकोशातही आहेत, म्हणजे देशातल्या मालालाही लागू व्हायला हव्यात. पण परदेशातल्या बंदरात माल अडकण्याची धास्ती निर्यातदाराला असते. गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी पुडी नेणाऱ्या माणसासाठी तशी धास्ती कुणालाच नसते.

या मर्यादांबद्दलही एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. किलोला १० मिलिग्रॅम शिसे म्हणजे ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून ५ ग्रॅम चूर्ण घेतले तर दिवसाला ५० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते, आणि हे 'मर्यादेत' असलेल्या मालातून. बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीच्या आहारातून दिवसाला किती शिसे गेले की काळजी करायची, यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धरलेली पातळी ८.८ मायक्रोग्रॅम आहे आणि मुलांसाठी २.२. या आकड्यांमध्ये सुरक्षिततेसाठी मोठे अंतर राखलेले आहे, हे मान्य. तरी ५० आणि ८.८ यांतला फरक नजरेआड करण्यासारखा नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

आणि आपल्याकडे शतावरी कोण घेते? बाळंतीण. महिनोन्महिने, दुधातून, तिला दूध यावे म्हणून. शरीरात गेलेले शिसे हाडात साठते आणि गर्भारपणात व अंगावर पाजताना हाडातले कॅल्शियम बाहेर पडते तेव्हा त्याच्याबरोबर तेही रक्तात उतरते. बाळाच्या घुटीत आजी सहाणेवर वेखंडाचे, हळकुंडाचे, मुरुडशेंगेचे मोजके वेढे देते. मात्रा अगदी थोडी असते, घाबरून जाण्यासारखी मुळीच नाही. पण वेखंड पाणथळ जागेत वाढते आणि त्याचे मूळच आपण वापरतो. ती पाणथळ जागा शुद्ध झऱ्याची होती की सांडपाण्याची, हे त्या आजीला कळण्याचा काहीही मार्ग नाही. तिने ज्या विश्वासाने ते मूळ घेतले त्या विश्वासाला आपण उत्तर द्यायला बांधील आहोत.

आयुर्वेदाची बदनामी होईल, म्हणून हा विषय काढू नये, असे म्हणणारे चांगले वैद्य मला भेटले आहेत. त्यांची तळमळ मला समजते, पण म्हणणे पटत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात औषधासाठी भूमी कशी निवडावी यावर स्वतंत्र अध्याय आहे. वारुळाची, स्मशानाची, खाचखळग्यांची जागा टाळावी, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. औषध गोळा करण्याआधी जमीन पारखणे हा या शास्त्राचाच भाग आहे. तेव्हा कॅडमियम मोजायचे साधन नव्हते, आज आहे. जमीन पारखण्याची परंपरा सोडून नुसता कल्प तेवढा शास्त्रोक्त ठेवणे ही शास्त्राशी निष्ठा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्याच मातीत पालक-मेथी पिकते आणि आपण ती रोज खातो, मग औषधी वनस्पतींवरच एवढा कटाक्ष का? खरे आहे, भाजीचाही प्रश्न आहे आणि तो मोठा आहे. पण औषधी वनस्पती वाळवून, दळून, आटवून घेतली जाते. साधारण पाच किलो ओली मुसळी वाळली की एक किलो उरते, पाणी उडते आणि धातू तिथेच राहतो. कितीही उकळले तरी तो नाहीसा होत नाही. काढ्यात किंवा अर्कात त्याचा किती भाग उतरतो ते मुळावर आणि पद्धतीवर अवलंबून असते, पण चूर्णात तो सगळाच जातो. शिवाय ती घेणारा आधीच आजारी असतो, कधी मूत्रपिंडाचा रुग्ण असतो, आणि मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच १० ते ३० वर्षे लागतात. आणखी एक व्यावहारिक कारण आहे. भाजीच्या साखळीत पैसे देऊ शकेल असा मोठा खरेदीदार सहसा नसतो. औषधी वनस्पतींच्या साखळीत तो असतो.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या भागात बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पानपिंपळी आणि मुसळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. मुसळीचे भाव आकाशाला भिडले आणि कोसळले, तेव्हा बेण्यात अडकलेले पैसे त्यांचेच गेले. अशा शेतकऱ्याला उद्या सांगितले की तुझ्या जमिनीत कॅडमियम आहे, तर त्याच्या जमिनीला आणि मालाला बट्टा लागेल. त्यामुळे तो तपासणीपासून लांब पळेल आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून तपासणीचा पहिला नियमच असा हवा की तिच्या निकालावरून शेतकऱ्याला दंड नाही, त्याचे अनुदान बंद नाही. निकालाचा उपयोग एवढाच की या शेतात काय लावायचे आणि काय नाही, हे ठरवता यावे.

आणि लावण्यासारखे बरेच आहे. गवती चहा, रोशा, तेलासाठीचा वाळा यांतून आपल्याला हवे ते तेल. ते वाफेवर ऊर्ध्वपातनाने काढतात आणि वाफेबरोबर धातू चढत नाहीत, ते चोथ्यात आणि पाण्यात मागे राहतात. दूषित जमिनीवर सुगंधी गवते घ्यावीत, असे या विषयातले अनेक संशोधक सांगत आले आहेत. खानदेश-विदर्भाला रोशा तेल नवे नाही. फक्त त्या जमिनीतला वाळा तेलासाठीच जावा, त्याची मुळे काष्ठौषधीच्या दुकानात येऊ नयेत आणि चोथा गुरांना घालू नये, एवढी शिस्त पाळावी लागेल. जिथे दोष थोडा आहे तिथे सेंद्रिय खत वाढवून, आम्लधर्मी जमिनीत चुना घालून शोषण कमी करता येते. जमीन एकदा फारच बिघडली तर ती सुधारणे किती जड जाते याचे उदाहरण जपानने पाहिले आहे. जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतल्या कॅडमियमने भातखाचरे नासली. ती माती बदलण्याचे काम १९७९ साली सुरू झाले आणि २०१२ साली संपले.

आपल्याकडे मात्र हेक्टर आधी मोजले जातात. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वनौषधींच्या लागवडीसाठी ४,००० कोटी रुपये आणि १० लाख हेक्टरचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात गंगेच्या काठाने ८०० हेक्टरचा औषधी वनस्पतींचा पट्टा होता. गंगेचे खोरे म्हणजे भूजलातल्या आर्सेनिकसाठी जगाला ठाऊक असलेला प्रदेश, आणि कानपूरच्या जाजमऊमधल्या चामड्याच्या कारखान्यांचे क्रोमियम याच नदीकाठच्या शेतात उतरलेले. तिथे औषधी झाडे लावूच नयेत असे मी म्हणत नाही, कारण काठाकाठाला माती बदलते. पण कुठल्या काठावर लावायची हे आधी तपासले पाहिजे, आणि त्या घोषणेत पैसा होता, क्षेत्र होते, माती नव्हती. आपल्याच राज्यात तारापूर आणि चंद्रपूर ही नावे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत वरच्या ओळींत येऊन गेली आहेत. त्यांच्या आसपास परसबागेत तुळस, अडुळसा, गुळवेल असणारच. तिथली माती आधी तपासायला काय हरकत आहे?

करायचे काम अवघड नाही. मातीचा नमुना आपले शेतकरी घेतातच: ठिकठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा, कडेची माती खरवडून घमेल्यात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत शेवटी अर्धा किलो. धातूंसाठी घमेले प्लॅस्टिकचे घ्यायचे, एवढाच बदल. हाच नमुना जरा वेगळ्या यंत्रावर तपासायचा. यंत्रे महाग आहेत, पण ती राज्याच्या मोठ्या संस्थांमध्ये आहेत आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तर नागार्जुन वनौषधी उद्यानाच्या रूपाने या पिकांची जाणकारीही आहे. जमिनीतले धातू दर हंगामाला बदलत नाहीत, त्यामुळे एका शेताची तपासणी पाच-सहा वर्षांतून एकदा केली तरी पुरे. सांडपाण्यावरचे शेत असेल तर पाण्याचा नमुना मात्र वेगळा हवा.

लागवडीच्या अनुदानाच्या अर्जासोबत आपण सातबारा जोडतो, तसाच हा अहवाल जोडावा आणि त्याचे पैसे अनुदानातच धरावेत. करारशेती करणाऱ्या कंपनीने करारातच ही तपासणी स्वखर्चाने लिहून द्यावी. पोत्यावर गट क्रमांक आणि गाव लिहायला सुतळी-चिठ्ठीपलीकडे काही लागत नाही, आणि ज्या पोत्यावर तो क्रमांक आहे त्याला कंपन्यांनी किलोमागे दोन पैसे जास्त द्यावेत. जंगलातून, बांधावरून गोळा होणाऱ्या मालाचे काम कठीण आहे, तिथे शेत नाही आणि मालकही नाही. तिथे वनोपज गोळा करणाऱ्या आदिवासी गटांच्या वनधन केंद्रांमार्फत जागा ठरवून देता येतील: या ओढ्यावरची ब्राह्मी घ्यायची, त्या नाल्यावरची नाही. त्याने गोळा करणाऱ्या बाईची वाट लांबली तर त्या वाटेचा मोबदला दरात धरावा. आणि ज्या शेतात दोष सापडेल तो कारखान्याच्या सांडपाण्याचा असेल, तर त्या शेतकऱ्याला भरपाई त्या कारखान्याकडून मिळाली पाहिजे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या खटल्यात 'प्रदूषण करेल तो भरेल' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच लागू केले आहे. शेतकऱ्याला ते वापरता यावे यासाठी त्याच्या हातात आधी त्याच्या मातीचा अहवाल असायला हवा.